माणकावरचा धूसर पडदा जात नाही: डायमंड पेस्टसोबत वंगण कोणतं वापरता?

गारगोटी (नाशिक) | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं घरीच दगड घासतोय. सुरुवात सिन्नरकडच्या शेतांत पावसाळ्यानंतर उघड्या पडणाऱ्या अकीकांपासून झाली. अकीकाला सेरियम ऑक्साइड (झिलईची भुकटी) आणि पाणी पुरतं, नमद्याच्या चकतीवर दहा मिनिटांत आरसा होतो. त्यामुळे वंगणाचा वेगळा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

दिवाळीत एका ओळखीतून म्हैसूर भागातल्या स्टार माणकाचे कच्चे खडे मिळाले. काळपट जांभळे, अपारदर्शक, स्वस्तातले, पण टॉर्चखाली सहा पायांचा तारा दिसतो तेव्हा जीव हरखतो. त्यातल्या एकाचा १४ मिलिमीटरचा घुमट, म्हणजे पैलू न पाडता वरून गोलसर घासलेला खडा, करायला घेतलाय. सपाट आठ इंची मशीन आहे, वेग रेग्युलेटरवर. २६०, ६०० आणि १२०० नंबरच्या चकत्या (नंबर मोठा तसे कण बारीक) पाण्यावर झाल्या. पुढे लाकडी चकत्यांवर सिरिंजमधली डायमंड पेस्ट, म्हणजे हिऱ्याच्या बारीक कणांची: १४ मायक्रॉन, मग ३, मग १ (इथे आकडा लहान तसे कण बारीक).

गाडी ३ मायक्रॉनवर अडली आहे. दगडावर साय धरल्यासारखा धूसर पडदा येतो आणि त्यात मधूनच एखादा लांब चरा उमटतो. तारा आहे, पण त्याच्या पायांना धार नाही.

आतापर्यंत नळाचं पाणी, मग पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब, मग खोबरेल, आणि शेवटी शिलाई मशीनचं तेल असं सगळं करून झालं. प्रत्येक वेळी सढळ हाताने घातलं, कोरडं पडू दिलं नाही. माणिक ९ काठिण्याचं, त्याला हिऱ्याशिवाय पर्याय नाही हे कळतं. पण हिऱ्यासोबत नेमकं काय घालायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

यंत्रघर (चिंचवड) | शनिवार, रात्री १०:१५

दोन प्रश्न. सिरिंजवर तेलात मिसळणारी लिहिलंय की पाण्यात मिसळणारी? आणि ही चारही वंगणं त्याच चकत्यांवर वापरलीत का?

---

गारगोटी | शनिवार, रात्री १०:३२

सिरिंजवर फक्त '३ मायक्रॉन' आणि पिवळी पट्टी आहे, बाकी काही नाही. हो, चकत्या त्याच. सागवानाच्या आहेत, घरीच कापलेल्या.

---

यंत्रघर | रविवार, सकाळी ७:५०

मग निम्मं दुखणं इथेच आहे. मी साच्यांना झिलई देण्याच्या कामात २२ वर्षं आहे. आमचं पोलाद आणि कार्बाइड, तुमचा दगड, पण पेस्ट तीच. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशोब वेगळा असतो.

आधी हे करा. स्टीलच्या चमच्यावर तिळाएवढी पेस्ट घ्या आणि चमचा पाण्याच्या ग्लासात ढवळा. पेस्ट विरघळून पाणी राखाडी झालं तर ती पाण्याची. चमच्याला चिकटून राहिली, वर तवंग आला, तर तेलाची. काही पेस्टी दोन्हीकडे चालतात, त्या पाण्यातही विरघळतात आणि तेलातही.

तेलाच्या पेस्टवर पाणी घातलं की तिच्या गुठळ्या होतात. हिऱ्याचे कण आणि दगडाचा चुरा दोन्ही त्या गुठळीत अडकतात, आणि ती दगडाखाली आली की लांब चरा पडलाच म्हणून समजा. साबण घातलात तर आणखी वाईट, कारण साबण तेलच सोडवून नेतो आणि महागाचा हिरा त्यासोबत मोरीत जातो. वर खोबरेल आणि मशीनचं तेल. त्या लाकडात आता काय काय मुरलंय ते कुणालाच सांगता येणार नाही.

वंगण म्हणताना आपण चार वेगळी कामं एका शब्दात कोंबतो. ते कणांना चकतीभर सारखं पसरवतं, त्यांना चकतीवर टिकवून धरतं, उष्णता कमी ठेवतं आणि चुरा बाजूला नेतं. उष्णता आणि चुरा या दोन कामांत पाण्याला तोड नाही, म्हणून २६० ते १२०० च्या चकत्या पाण्यावरच चालवायच्या. तिथे हिरा धातूत पक्का बसवलेला असतो, टिकवायचा प्रश्नच नाही. पेस्टमधला हिरा सुटा असतो. तिथे टिकवून धरणं पहिलं, बाकी सगळं नंतर.

आता सढळ हाताबद्दल. ३ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले तीन. चकतीवर तेल डोळ्यांना ओलं दिसतंय, म्हणजे थर कणांपेक्षा कितीतरी जाड आहे. दगड त्या थरावर तरंगतो, कण खाली पोहतात, घासणं होतच नाही. तुम्ही दाब वाढवता, मग थर मधूनच तुटतो आणि तिथे कण एकदम चावतात. आठ इंची चकतीला तिळाएवढे चार-पाच ठिपके पेस्ट आणि तेलाचे दोन थेंब खूप झाले. बोटाने पसरवायचं, मग टिशूने पुसायचं. हो, पुसायचं. जे उरतं तेच कामाचं.

पातळ की दाट, यालाही कारण आहे. कण दुप्पट मोठा असला तर तेलात चौपट वेगाने खाली बसतो. जुन्या टूलरूममध्ये हिऱ्याची भुकटी याच गुणावर निवडायचे. ऑलिव्ह तेलात भुकटी ढवळायची, पाच मिनिटांनी वरचं तेल दुसऱ्या भांड्यात ओतायचं, तळाशी राहिला तो जाडा माल. ओतलेलं दहा मिनिटं ठेवायचं, मग अर्धा तास, असं करत दहा तासांनी जे बसतं ते सर्वांत बारीक. तुम्ही सुटी भुकटी तेलात कालवून ड्रॉपरने घालणार असाल तर जाड्या कणांना दाट तेल आणि बारीक कणांना पातळ तेल घ्या, आणि दर वेळी बाटली हलवा. तयार पेस्ट असेल तर पातळ तेलच बरं.

---

नर्मदा_नागपूर | रविवार, सकाळी ९:२०

खोबरेल वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते. मी दोन वर्षं खोबरेलच वापरत होते, कारण घरात होतं आणि हाताला त्रास नाही. उन्हाळ्यात छान चाललं. डिसेंबरात एका सकाळी नीलमावर काम करत होते आणि चकतीवर मेणासारखे कण दिसायला लागले. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, आणि नागपूरची डिसेंबरातली सकाळ म्हणजे काय ते सांगायला नको. थिजलेल्या तेलात हिरा एका जागी गोळा होतो. त्या दिवशी पडलेले चरे काढायला मला आठ दिवस लागले. नाशिकचीही थंडी काही कमी नाही, दादा.

मग शेंगदाण्याचं तेल करून पाहिलं. ते महिन्याभरात चकतीवर चिकट झालं, कढईच्या बाहेरच्या बाजूला जसा थर जमतो तसं. आता औषधांच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणते, हलकं मागायचं. वास नाही, थिजत नाही, वर्षभर तसंच राहतं. लहान मुलांना लावायचं खनिज बेबी ऑइलही मुळात हेच, वर सुगंध.

---

यंत्रघर | रविवार, सकाळी ९:४५

ताईंना पूर्ण अनुमोदन. खाद्यतेलांत जवस, करडई, सूर्यफूल ही हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातात. जवसाचं तेल तर रंगाच्या आणि व्हार्निशच्या कामात याच गुणासाठी वापरतात. शेंगदाणा त्यांच्यापेक्षा सावकाश, पण त्याच वाटेने जाणारा. ऑलिव्ह आणि एरंडेल सुकत नाहीत, मात्र एरंडेल फार दाट. खनिज तेलात ही भानगडच नाही.

---

तापीकाठ (सुरत) | रविवार, दुपारी १:०५

मी मूळचा अमळनेरचा, सुरतेत हिऱ्याच्या कारखान्यात १६ वर्षं घंटीवर बसलोय. आमच्याकडे पैलू घासायच्या लोखंडी चकतीला घंटी म्हणतात. कारखाना किती मोठा हेही घंट्यांवरच सांगतात, अमक्याच्या इतक्या घंट्या.

आमची चकती बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. ओतीव लोखंडाला बारीक छिद्रं असतात, हिऱ्याची भुकटी त्यात रुतून बसते. तेल त्यासाठीच, भुकटीला छिद्रापर्यंत नेण्यापुरतं. पूर्वीपासून ऑलिव्ह तेलच चालत आलंय. घंटी मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेते, जास्तीचं तेल राहिलं तर पहिल्याच फेऱ्यात आपल्याच शर्टावर येतं आणि त्यासोबत भुकटीही. आमच्या उस्तादाने पहिल्या दिवशी भुकटी किती घ्यायची ते नाही शिकवलं, तेल किती पुसायचं ते शिकवलं.

अजून एक, घंटीवर पट्टे ठरलेले असतात. एक पट्टा घासायचा, एक झिलईचा. झिलईच्या पट्ट्यावर कच्चा पैलू कुणी टेकवला तर पूर्ण दिवस खराब होतो. तुम्ही तर चकत्या वेगळ्या ठेवू शकता, तेव्हा ठेवाच. १४ ची चकती आणि ३ ची चकती एका पिशवीत ठेवू नका. ३ च्या चकतीवर १४ चा एक कण आला तरी पुरे, तुमचे मधूनच येणारे लांब चरे मला त्याचेच वाटतात.

---

पैलू (जयपूर) | रविवार, रात्री ८:३०

गारगोटी, धागा आवडला. मी मूळचा कोल्हापूरचा, १९८८ पासून जयपुरात रत्नांच्या कामात आहे. आता डोळे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, पण मुलांना शिकवतो.

वरचं सगळं पटलं. त्यात माझ्या कामातलं थोडं घालतो.

माणिक आणि नीलम, म्हणजे कुरुंदाच्या जातीचे दगड, यांच्या पैलूंना आम्ही तांब्याची चकती वापरतो. कुरुंद हा शब्द आपलाच, त्यावरूनच जगभर कोरंडम झालं. तांबं मऊ, हिरा त्यात दाबून बसवावा लागतो. चकतीवर तेलाचं बोट फिरवायचं, भुकटी भुरभुरायची आणि गुळगुळीत अकीकाने किंवा पोलादी रुळाने दाबत राहायचं. भुकटी रुतली की वरचं सगळं पुसून काढायचं. मग चकतीवर बोट फिरवून बघायचं, बोटाला तुकतुकी यावी पण तेलाचा डाग पडू नये. मुलं मला नेहमी तेलाचं नाव विचारतात. मी त्यांना बोट दाखवायला सांगतो.

तुमचा दगड घुमटाचा आहे, त्याला तांबं नको. लाकूड किंवा चामडं बरोबर, ते वळणाला थोडं दबतं. पण सागवान नको. सागाचे रेषे मोठे, भोकं उघडी, आणि सागात मुळातच वाळूचा अंश असतो. माणकाला त्या वाळूने चरा पडणार नाही, ती माणकापेक्षा मऊ आहे, पण उघड्या भोकांत जुना जाडा हिरा दडून बसतो आणि किती धुतलं तरी निघत नाही. घट्ट, बारीक पोताचं लाकूड घ्या. आपल्याकडे हळदू मिळतो, काही जण हेदू म्हणतात, तो चांगला. लाकूड कातणारा कातारी असेल ओळखीचा तर त्याच्याकडून तोंड सपाट करून घ्या.

आणि १४ वरून थेट ३ वर उडी मारू नका. मध्ये ६ किंवा ८ घ्या. धूसर पडद्यातला बराचसा भाग मला वंगणाचा वाटतच नाही, १४ चे खड्डे ३ ने भरून निघाले नाहीत म्हणून तो दिसतो. भिंगाखाली पाहा. बारीक ठिपके दिसले तर खड्डे, बारीक समांतर रेषा दिसल्या तर चरे. दोन्हींचा इलाज वेगळा.

एक इशारा, हा धागा वाचून कुणी पाचूवर हात टाकण्याआधी. पाचूत भेगा असतातच आणि बाजारात आलेल्या बहुतेक पाचूंत तेल भरलेलं असतं. देवदाराच्या जातीच्या लाकडाचं तेल फार पूर्वीपासून वापरात आहे, त्याचा प्रकाश वळवण्याचा गुण पाचूच्या जवळ जातो म्हणून भेग नजरेआड होते. अशा दगडावर हिरा चालवल्यावर पेस्ट काढायला कुणी अ‍ॅसिटोन किंवा रॉकेल लावलं, किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकला, की भेगेतलं तेलही निघतं. सकाळी हिरवागार दिलेला दगड संध्याकाळी जाळीदार परत येतो. हे मी एका गिऱ्हाइकाच्या दगडाबाबत स्वतः भोगलंय, भरपाई खिशातून केली. पाचूला पाण्याची पेस्ट, आणि नंतर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. बाकी काही नाही.

---

हुपरीकर | रविवार, रात्री ९:१०

आम्ही चांदीकामवाले, पण खडे बसवताना ओरखडा आला तर दुरुस्त करावा लागतो. मी सरळ डब्ल्यूडी-४० फवारतो आणि पेस्टने घासतो, पाच मिनिटांत काम. एवढा विचार कशाला?

---

यंत्रघर | रविवार, रात्री ९:२८

चालतं ते, खोटं नाही. त्यात मुख्यतः रॉकेलसारखं उडून जाणारं द्रावण आणि थोडं खनिज तेल असतं. द्रावण पेस्ट पातळ करून पसरवतं, मग उडतं आणि तेलाचा पातळ थर मागे राहतो. म्हणजे आम्ही जे पुसून करतो ते तिथे आपोआप होतं. तुमच्या पाच मिनिटांच्या कामाला ठीक. तासभर बसायचं असेल तर चकती सारखी कोरडी पडते आणि पुन्हा पुन्हा फवारावं लागतं, त्यात हिऱ्याचं प्रमाण कधी किती राहिलं याचा अंदाज उरत नाही. पेस्ट पाण्याची असेल तर मुळीच नको.

---

श्वास (वडोदरा) | सोमवार, सकाळी ६:५५

डॉक्टर आहे, छातीच्या विकारांचं काम पाहतो. दगडांतलं मला कळत नाही, पण दगड घासणाऱ्यांची फुफ्फुसं पाहिली आहेत, म्हणून लिहितोय.

इथून जवळच खंभात आहे. अकीकाच्या कामाला तिथे फार मोठी परंपरा आहे, आणि त्यासोबत सिलिकोसिसही. अकीक म्हणजे सिलिका. कोरडं घासताना उडणारी बारीक धूळ फुफ्फुसात खोल जाते आणि परत येत नाही. होणारा व्रण बरा करणारं औषध नाही, आजार टाळता येतो तो फक्त धूळ थांबवून. तुमच्या धाग्यात पाण्याला थोडं खाली बसवलंय, पण जाडं घासणं, कापणं, भोक पाडणं हे सगळं पाण्याखालीच व्हायला हवं, त्यात तडजोड नको. खाली पडलेला चिखल वाळायच्या आत पुसून घ्या, वाळला की तो पुन्हा धूळच. रुमालाने काही अडत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. घरात लहान मुलं असतील तर मशीन त्यांच्या वावराच्या खोलीत नको.

रॉकेल आणि तशी द्रावणं उघड्या हाताने रोज वापरली तर त्वचेतला स्निग्धांश जातो, भेगा पडतात, इसब होतं. मोटरच्या ब्रशजवळ ठिणगी उडते, तिथे फवारा मारू नका. आणि फिरत्या चकतीवर कुठलंही तेल फवारू नका, ते हवेतून छातीत जातं. थेंबाने घाला. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात. काही जण गाडीचं कूलंट पातळ करून वापरतात असं ऐकलं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, त्यामुळे मुलं आणि पाळीव प्राणी असलेल्या घरात तर नकोच. पाण्याच्या पेस्टला थोडा दाटपणा हवा असेल तर ग्लिसरीन आहे.

---

गारगोटी | सोमवार, सकाळी ८:१०

डॉक्टर, मनापासून आभार. मशीन आजच बाल्कनीत हलवतो. मुलगी सहा वर्षांची आहे आणि ती शेजारी बसून बघत असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

निळी_रेघ (मेलबर्न) | सोमवार, दुपारी २:४०

पैलू काकांनी पाचूचं लिहिलं, मी ओपलचं लिहिते. माझं सगळं काम ऑस्ट्रेलियन ओपलवर आहे आणि पुण्यातल्या मैत्रिणी इथिओपियाचं ओपल स्वस्त मिळतं म्हणून घेतात आणि मला विचारतात.

ओपलमध्ये पाणी असतं, बहुतेक दगडांत ६ ते १० टक्के. काठिण्य ५.५ ते ६.५. त्याला उष्णता सहन होत नाही, तडा जातो. म्हणून मी वंगण निवडताना फक्त एक बघते, दगड गार राहतोय का. पाणी, चामड्याची चकती, शेवटी सेरियम. हिरा वापरलाच तर पाण्यात मिसळणारी पेस्ट, पाण्यात चमचाभर ग्लिसरीन घालून, म्हणजे लवकर सुकत नाही. दगड दर मिनिटाला ओठाला लावून बघते. गरम लागला की थांबते.

इथिओपियातलं वोलो भागातलं ओपल, जे २००८ पासून बाजारात आलं, ते स्पंजासारखं पाणी पितं. भिजलं की पारदर्शक होतं आणि रंग गेल्यासारखा वाटतो, सावकाश वाळवलं की परत येतो. पाणी त्यातून निघतं. तेल निघत नाही, पिवळट डाग कायमचा बसतो. त्यावर तेलाची पेस्ट चुकूनही लावू नका, मैत्रिणीने बेबी ऑइल लावलं आणि इतका सुंदर दगड गेला. फिरोज्यालाही हेच लागू. तो अंगावरचं तेल पिऊनसुद्धा हिरवा पडतो, चकतीवरचं तर पिणारच.

---

कातळफूल (जळगाव) | सोमवार, संध्याकाळी ६:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक प्रश्न: आमच्या भागातल्या खाणींतून निघणाऱ्या हिरव्या अ‍ॅपोफिलाइटला डायमंड पेस्टने झिलई देता येईल का? माझ्याकडे बोटभर उंचीचा स्फटिक आहे.

---

पैलू | सोमवार, रात्री ८:००

देता येईल, पण देऊ नका. काठिण्य ४.५ ते ५ आणि एका दिशेने पानासारखा सुटतो. निसर्गाने दिलेले पैलू आपल्या हाताने होणार नाहीत. काचेच्या पेटीत ठेवा.

---

गारगोटी | शनिवार, रात्री ११:१५

आठवडाभर गप्प होतो, कारण काम चालू होतं.

ग्लास-चमच्याची परीक्षा केली. पेस्ट चमच्याला घट्ट चिकटून राहिली, वर इंद्रधनुष्यासारखा तवंग. म्हणजे तेलाचीच. तिच्यावर मी पहिले दोन आठवडे नळाचं पाणी ओतत होतो.

भद्रकालीतल्या एका कातारीकडून हळदूच्या चार चकत्या कातून घेतल्या. प्रत्येकीच्या मागे मायक्रॉनचा आकडा कोरला आणि झाकणाच्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या. १४, ८, ३, १. हलकं लिक्विड पॅराफिन आणलं. दोन चकत्यांच्या मध्ये दगड, तो लाखेने चिकटवलेली काडी आणि माझी नखं, तिन्ही साबण लावून ब्रशने घासले. ३ वर चार ठिपके पेस्ट, दोन थेंब तेल, मग टिशू. इतकं कोरडं करून काम होईल यावर विश्वास बसत नव्हता. पण दगड टेकवताच आवाज बदलला. आधी फक्त फिरल्याचा आवाज यायचा, आता बारीक सुर्र असा, रेशमी कापड ओढल्यासारखा. पंचवीस मिनिटांत पडदा गेला.

दोन अडचणी राहिल्यात. एकदा दगड इतका तापला की लाख मऊ होऊन तो काडीवर फिरला. आणि दोन चरे अजून आहेत, १ मायक्रॉनवर तासभर बसलो तरी हलत नाहीत.

---

पैलू | रविवार, सकाळी ७:१५

आवाज ओळखला, आता हात बसला समजा. लाख तापली म्हणजे दाब जास्त, किंवा तेल संपलं होतं. चकती कोरडी ओढायला लागली की एक थेंब, पेस्ट नको. पेस्ट संपत नाही, तेल संपतं.

ते चरे १ ने कधीच जाणार नाहीत. चरा ज्या आकड्याचा, त्याच्या लगेच नंतरच्या आकड्यावर परत जावं लागतं. भिंगाखाली दोन्ही एकाच दिशेने आहेत का पाहा. असतील तर ते १२०० च्या चकतीचे असणार, धातूत बसवलेल्या हिऱ्याचा चरा आकड्याच्या मानाने खोल असतो. परत १४ वर जा आणि दगड काटकोनात फिरवून घासा. आडव्या रेषांत उभे चरे लगेच उघडे पडतात. ते पूर्ण नाहीसे झाल्याशिवाय ८ वर जाऊ नका. म्हैसूरच्या खड्यात जोडाच्या, म्हणजे स्फटिकाचे भाग जुळतात तिथल्या, नैसर्गिक रेषाही असतात, त्या जाणार नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

---

तापीकाठ | रविवार, सकाळी १०:४०

गारगोटीभाऊ, परत मागे जायला जिवावर येतं, मला माहीत आहे. जा मात्र.

---

गारगोटी | बुधवार, रात्री १०:५०

गेलो. १४ वर पाऊण तास, काटकोनात. एक चरा गेला. दुसरा काकांनी सांगितलेली जोडाची रेषा निघाली, भिंगाखाली ती दगडाच्या आतपर्यंत उतरलेली दिसते. मग ८, ३, १. शेवटच्या चकतीवर अर्धा थेंब तेल, त्याहून जास्त नाही.

आत्ता बाल्कनीतला दिवा बंद करून मुलीने टॉर्च धरला. सहाही पाय कडेपर्यंत जातात आणि टॉर्च हलवला की तारा घुमटावरून सरकतो. तिने तो पंधरा मिनिटं सरकवला.

पुढचा खडा पारदर्शक पिवळ्या नीलमाचा आहे, पैलूंचा. काका, तांब्याच्या चकतीला किती जाडी लागेल आणि पहिल्यांदा हिरा बसवताना ३ ची भुकटी घेऊ की ८ ची?

---

पैलू | गुरुवार, सकाळी ६:४०

जाडी १० मिलिमीटर तरी हवी, पातळ तांबं तापलं की वाकतं. पहिल्या चकतीला ८, दुसरीला ३, एकाच चकतीवर दोन्ही नकोत. तेल तुमचं तेच पॅराफिन. दाबायला मोठा, गुळगुळीत अकीक लागेल, तो तुमच्याकडे सिन्नरचा असेलच.

---

नर्मदा_नागपूर | गुरुवार, सकाळी ९:०५

हळदूच्या चकतीची जाडी किती ठेवली, दादा? मी पण आज कातायला देते आहे.

---

गारगोटी | गुरुवार, सकाळी ९:३०

ताई, २० मिलिमीटर. मागच्या बाजूला वॉटरप्रूफ प्लायची चकती चिकटवली आहे, म्हणजे पावसाळ्यात वाकणार नाही.